तेल्या रोग, डाळिंबावरील

डाळिंबाची पाने, फांद्या, फुले व फळे यांवर तेलकट ठिपके पाडणारा सूक्ष्मजंतुजन्य रोग. ठिपका नवा असताना त्याची कड तेल लागल्यासारखी ओलसर व अर्धपारदर्शक दिसते म्हणून शेतकऱ्यांनी त्यास ‘तेल्या’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. शास्त्रीय लेखनात त्यास सूक्ष्मजंतुजन्य करपा किंवा सूक्ष्मजंतुजन्य पर्णठिपके असे म्हणतात. तो झँथोमोनस सिट्री या जातीच्या प्युनिसी या पॅथोव्हारामुळे (विशिष्ट वनस्पतीवरच रोग उत्पन्न करणाऱ्या प्रकारामुळे) होतो. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. पुढील सु. चार दशके तो पानांवरील एक किरकोळ विकार मानला गेला. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात त्याने डाळिंबाच्या बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. कुंडीत किंवा पिशवीत वाढविलेल्या एखाद्या रोपाच्या पानावरील मोहरीएवढा ठिपका ओळखण्यात झालेली चूक एका संपूर्ण प्रदेशाच्या शेतीस किती महाग पडू शकते, याचे हा रोग हे ठळक उदाहरण आहे.

यजमान वनस्पती व प्रदेश : डाळिंब (प्युनिका ग्रॅनॅटम) हे मूळचे इराण व लगतच्या प्रदेशातील पानझडी, काटेरी झुडूप होय. पूर्वी त्याचे प्युनिकेसी हे स्वतंत्र कुल मानीत. आता त्याचा समावेश मेंदी ज्या कुलात येते त्या लिथ्रेसी कुलात करतात. कोरडी हवा, हलकी मुरमाड जमीन आणि थोडे पाणी त्यास मानवते. त्यामुळे महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण पट्टा त्याच्या लागवडीस विशेष अनुकूल ठरला. सोलापूर जिल्हा याच पट्ट्यात मोडतो. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी सोलापूर येथे १९३३ मध्येच केंद्र स्थापन झाले होते. सोलापूर शहराच्या आग्नेयीस सु. १५ किमी. वर असलेले होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव लोहमार्गाचे प्रस्थानक असून विजयपूर (पूर्वीचे विजापूर), बागलकोट व गदग यांकडे जाणारा मार्ग येथून फुटतो. होटगीच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील सोलापूर जिल्हा आणि दक्षिणेकडील विजयपूर व बागलकोट जिल्हे यांमधून राज्याची सीमा जाते. तथापि पाऊस, जमीन आणि डाळिंबाची लागवड या दृष्टींनी हा एकच सलग प्रदेश आहे. तेल्या रोगाचा दख्खनमधील इतिहास समजून घेताना ही भौगोलिक सलगता ध्यानात ठेवावी लागते.

महाराष्ट्रात डाळिंबाच्या सुधारित लागवडीचा पाया पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात घातला गेला. तेथे जी. एस. चीमा यांनी आळंदी या वाणाच्या रोपांतून १९३६ मध्ये निवडलेला प्रकार पुढे ‘गणेश’ या नावाने प्रसिद्धी पावला. राज्य शासनाने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. ती योजना आणि ठिबक सिंचनाचा प्रसार यांमुळे सांगोला व लगतच्या तालुक्यांतील माळरानांवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ या वाणाची फळे गडद केशरी, जाड सालीची आणि दूरच्या बाजारपेठेपर्यंत टिकणारी असल्याने त्याने गणेशास बऱ्याच अंशी मागे टाकले. ही वाढ मुख्यतः गुटी कलमांवर झाली. गुटी कलमाचे प्रत्येक रोप मातृवृक्षाशी जननिक दृष्ट्या एकरूप असते. त्यामुळे फळांत एकसारखेपणा आला. परंतु एक झाड ज्या रोगास बळी पडते, त्यास सर्व बाग बळी पडणार हेही त्याबरोबरच ठरून गेले.

पर्णठिपक्यांच्या ज्ञानाचा विकास : पानांवर पडणारे ठिपके हे वनस्पतिरोगांचे सर्वांत परिचित, पण त्याच कारणाने सर्वांत फसवे लक्षण होय. कवके (हरितद्रव्यरहित, बुरशीसारखे सजीव), सूक्ष्मजंतू, व्हायरस, कीटकांचे दंश, क्षारांचे आधिक्य, प्रखर ऊन किंवा औषधांच्या फवाऱ्याने झालेली भाजणी या सर्वांमुळे ठिपके पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवकांमुळे रोग होतात हे मान्य झाले. सूक्ष्मजंतूंच्या बाबतीत मात्र ही मान्यता सहजासहजी मिळाली नाही. अमेरिकेतील टी. जे. बरिल यांनी १८७८ पासूनच्या अभ्यासातून नासपतीवरील करप्याचा संबंध सूक्ष्मजंतूंशी जोडला. तरीही जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेट फिशर यांनी सूक्ष्मजंतू वनस्पतींत रोग उत्पन्न करू शकत नाहीत, असा पक्ष मांडला. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन एफ्. स्मिथ यांनी १८९७ ते १९०१ या काळातील वादात तो पुराव्यानिशी खोडून काढला.

भारतात या विषयाच्या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र पुणे हे होते. येथील कृषी महाविद्यालयात एम्. के. पटेल व त्यांचे सहकारी यांनी झँथोमोनस वंशातील अनेक नव्या रोगकारकांची वर्णने केली; आंब्यावरील सूक्ष्मजंतुजन्य रोगाचे पटेल, मोनीझ व कुलकर्णी यांनी १९४८ मध्ये केलेले वर्णन त्यांपैकीच आहे. या वंशाचे नाव ‘झँथोस’ (पिवळा) या ग्रीक शब्दावरून पडले आहे, कारण पोषक माध्यमावर त्याच्या बहुतेक जातींच्या वसाहती पिवळ्या व बुळबुळीत दिसतात. लिंबावरील खैऱ्या रोग व कपाशीवरील कोनाकृती ठिपके यांची कारकेही याच वंशातील होत. खैऱ्याचे व्रण भारतात १८२७ ते १८३१ या काळात गोळा केलेल्या व वनस्पतिसंग्रहात जपलेल्या पानांवर आढळले आहेत. म्हणजे रोग जुना असला, तरी त्याची ओळख पटण्यास शतकाहून अधिक काळ लागू शकतो.

नोंद व नामकरण : डाळिंबावरील सूक्ष्मजंतुजन्य पर्णठिपक्यांचे पहिले वर्णन हिंगोरानी व मेहता यांनी दिल्ली येथून १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. हिंगोरानी व सिंग यांनी १९५९ मध्ये या सूक्ष्मजंतूस झँथोमोनस प्युनिसी असे नाव दिले. पुढे सूक्ष्मजंतूंच्या वर्गीकरणाचे नियम बदलले, तशी त्याची नावेही बदलली. १९८० च्या सुमारास तो झँथोमोनस कँपेस्ट्रिस या मोठ्या जातीचा एक पॅथोव्हार गणला गेला. १९९५ मध्ये त्याची गणना झँथोमोनस ॲक्सोनोपोडिसमध्ये झाली आणि जननिक अभ्यासानंतर आता त्यास झँथोमोनस सिट्रीमध्ये घालतात. लिंबावरील खैऱ्याचा कारक याच जातीचा आहे. मात्र दोहोंचे यजमान भिन्न आहेत. या सूक्ष्मजंतूच्या एका वाणाच्या जननिक द्रव्याचा संपूर्ण आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या नावांच्या मालिकेत पहिल्या नावाला विशेष अर्थ आहे. १९५२ च्या वर्णनात रोगाची ओळख ‘पर्णठिपके’ अशी होती. पानावर ठिपके पडतात, काही पाने गळतात आणि नवी पालवी फुटते. तेवढ्याने झाड मरत नाही, अशी समजूत त्या नावाने दृढ झाली. चंद व किशुन यांनी १९९१ मध्ये कर्नाटकातील अभ्यासावरून या रोगाने होणाऱ्या मोठ्या हानीकडे लक्ष वेधले. तेव्हापासून तो केवळ पानांचा रोग नाही हे स्पष्ट झाले. २००२ नंतरच्या वर्षांत कर्नाटक, महाराष्ट्र व आंध्र प्रदेश या राज्यांत तो साथीच्या स्वरूपात पसरला. सोलापूर, नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व सांगली या जिल्ह्यांतील अनेक शेतकऱ्यांना कर्ज काढून उभ्या केलेल्या बागा मुळासकट काढून टाकाव्या लागल्या. डाळिंब हे बहुवर्षायू पीक असल्याने बाग तोडणे म्हणजे एका हंगामाचे नव्हे, तर कित्येक वर्षांच्या गुंतवणुकीचे नुकसान असते.

प्रसार : कोरड्या हवेच्या प्रदेशात पावसाळी हवेचा हा रोग का फोफावला, हा प्रश्न साहजिक आहे. सूक्ष्मजंतू पर्णरंध्रांतून व जखमांमधून वनस्पतीत शिरतो. सु. २८° ते ३०° से. तापमान, दमट हवा आणि वाऱ्यासह येणारा पाऊस यांत त्याची झपाट्याने वाढ होते. पावसाचे उडणारे थेंब त्यास एका पानावरून दुसऱ्यावर नेतात. वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांचे काटे पानांना व फळांना ओरखडे पाडून त्याचा मार्ग मोकळा करतात. सोलापूरकडे पाऊस थोडा असला, तरी तो जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. मृग बहाराची कोवळी पालवी, फुले व वाढती फळे नेमकी याच काळात झाडावर असतात. दाट लागवड व पालवीची गर्दी यांमुळे झाडांभोवतीचा ओलावा अधिकच टिकून राहतो. वाळलेल्या फांद्यांवरील व्रणांत आणि गळून पडलेल्या पानांत सूक्ष्मजंतू कित्येक महिने जिवंत राहतो.

तथापि पाऊस रोगास एका झाडावरून शेजारच्या झाडावर नेतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात त्यास नेणारे मुख्य वाहन म्हणजे रोगट कलम होय. गुटी बांधलेली फांदी रोगट झाडाची असेल, तर सालीच्या सूक्ष्म व्रणांत किंवा कळ्यांत सूक्ष्मजंतू दडलेला असतो. रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढताना असे रोप बाहेरून निरोगी दिसते. एखादे ठिपक्यांचे पान आढळलेच, तर ते खुडून टाकले की रोप विक्रीयोग्य होते. अनुकूल हवा मिळेपर्यंत रोग प्रकट होत नाही आणि तोपर्यंत रोप नव्या बागेत पोहोचलेले असते. लागवडीचा वेग वाढला, कलमांची मागणी वाढली आणि प्रमाणित मातृवृक्षांची संख्या त्या मानाने अपुरी पडली. त्यामुळे लागवडीचा विस्तार आणि रोगाचा विस्तार हे एकमेकांच्या पावलांवर पाऊल टाकून झाले.

लक्षणे व निदान : पानांवर प्रथम टाचणीच्या डोक्याएवढे, पाण्याने भिजल्यासारखे ठिपके दिसतात. ते वाढून सु. २ ते ५ मिमी. व्यासाचे, मध्ये तपकिरी ते काळसर आणि भोवती पिवळे वलय असलेले होतात. पान उजेडासमोर धरले असता नव्या ठिपक्याची कड तेलकट व अर्धपारदर्शक दिसते. ठिपके एकत्र येऊन पान पिवळे पडते व गळते. फांदीवर पेरांजवळ काळपट व्रण पडून साल तडकते. व्रणाने फांदीस विळखा घातल्यास ती तेथून मोडते. फळांवरील काळपट डाग वाढून त्यांवर तारकाकृती किंवा इंग्रजी एल्, वाय् या अक्षरांच्या आकाराच्या भेगा पडतात व फळ उकलते. दाणे खाण्याजोगे असले, तरी अशा फळास बाजारात किंमत राहत नाही.

डाळिंबावर कवकांमुळेही ठिपके पडतात. सर्कोस्पोरा गटातील कवकामुळे लहान, गडद तांबूस तपकिरी ते काळे ठिपके पडतात. कोलेटोट्रायकममुळे खोलगट तपकिरी डाग पडतात. त्यांभोवतीही पिवळे वलय असू शकते. त्यामुळे केवळ वलयावरून निदान करणे धोक्याचे असते. कवकजन्य ठिपक्याची कड कोरडी असते व जुन्या ठिपक्यात भिंगातून कवकाचे बारीक काळे बिंदू दिसतात. खात्रीसाठी ताज्या ठिपक्याच्या कडेचा पातळ तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग सूक्ष्मजंतुजन्य असल्यास कापलेल्या कडेतून धुरासारखा प्रवाह बाहेर पडताना दिसतो. प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर सूक्ष्मजंतू वाढवून, तसेच त्याच्या जननिक द्रव्याची चाचणी करून निदान पक्के करतात. हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नाही. कार्बेंडाझिमासारख्या कवकनाशकाचा सूक्ष्मजंतूवर परिणाम होत नाही. चुकीच्या निदानावर केलेली फवारणी शेतकऱ्याचे पैसे तर खर्ची घालतेच, शिवाय रोगास पसरण्यास अवधी मिळवून देते.

उपायांचा इतिहास : या रोगावर सर्वांत दीर्घकाळ वापरात असलेले औषध म्हणजे बोर्डो मिश्रण होय. फ्रान्समधील बॉर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मीयार्दे यांनी द्राक्षावरील केवडा रोगासाठी त्याचे सूत्र १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. १ टक्का मिश्रणासाठी १ किग्रॅ. मोरचूद व १ किग्रॅ. कळीचा चुना १०० लि. पाण्यात वापरतात. दोन्ही द्रावणे धातूच्या नव्हे, तर प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र ओततात. तयार मिश्रणात लोखंडाची स्वच्छ सुरी बुडविल्यावर तिच्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून तो वाढवितात. तांब्याचे कण पानावर पातळ थराच्या रूपाने चिकटून राहतात व वरून येणाऱ्या सूक्ष्मजंतूस मारतात. वनस्पतीच्या आत शिरलेल्या सूक्ष्मजंतूपर्यंत मात्र ते पोहोचत नाहीत. म्हणून हे औषध रोग येण्यापूर्वी वापरावयाचे आहे.

दुसरा टप्पा प्रतिजैविकांचा. स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध १९४३ मध्ये लागला व क्षयरोगावरील ते पहिले प्रभावी औषध ठरले. पुढील दशकात वनस्पतिरोगांवरही त्याचा वापर सुरू झाला. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याची स्थापना १९५४ मध्ये झाली. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन यांचे ९ : १ या प्रमाणातील स्ट्रेप्टोसायक्लीन हे मिश्रण तेथे तयार होऊ लागले. तेल्याच्या साथीत या औषधाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. परंतु वारंवार वापराने प्रतिकारक्षम सूक्ष्मजंतू शिल्लक राहून वाढतात, ही या उपायाची मर्यादा आहे. शिवाय जी औषधे माणसांच्या रोगांवर लागतात, ती शेतात फवारल्याने त्यांची उपयुक्तता कमी होण्याचा धोका असतो. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील या दोन प्रतिजैविकांवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यामागे हीच चिंता होती.

तिसरा व अधिक टिकाऊ टप्पा पीकपद्धतीतील बदलाचा आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील संशोधनातून फवारणी, स्वच्छता व बहाराची निवड यांची सांगड घालणारी एकात्मिक पद्धत पुढे आली. डाळिंबास मृग, हस्त व आंबे असे तीन बहार येतात. तेल्याग्रस्त बागेत पावसाळ्यात सापडणारा मृग बहार टाळून हस्त बहार घ्यावा व तत्पूर्वी झाडास तीन ते चार महिने विश्रांती द्यावी, अशी शिफारस करण्यात आली. रोगट फांद्या व्रणाच्या सु. ५ सेंमी. खाली कापणे, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणे, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावणे, गळलेली पाने व फळे गोळा करून जाळणे, जमिनीवर विरंजक चूर्ण टाकणे आणि छाटणीनंतर बोर्डो मिश्रण फवारणे ही या पद्धतीची अंगे होत. शेजारच्या बागांनीही ती एकाच वेळी पाळली, तरच त्यांचा पूर्ण उपयोग होतो. लागवडीत असलेल्या प्रमुख वाणांपैकी पूर्णतः रोगप्रतिकारक असा एकही नाही. त्यामुळे संकरणाचे प्रयत्न व ऊतिसंवर्धनाने निर्माण केलेली रोगमुक्त रोपे यांवर भर देण्यात येत आहे.

कुंडीतील झाडे : अंगणातील किंवा गच्चीवरील कुंडीत लावलेल्या डाळिंबास हेच नियम लागू पडतात. ठिपके दिसताच प्रथम कुंडी इतरांपासून दूर ठेवावी. ठिपके फक्त पानांच्या टोकांशी व कडांना असतील आणि नव्या पालवीवर पसरत नसतील, तर क्षारयुक्त पाणी, खताचे आधिक्य किंवा ऊन यांचा संशय घ्यावा; अशा वेळी औषधाची गरज नसते. ठिपके तेलकट, वाढणारे व पावसानंतर संख्येने वाढणारे असतील, तर रोगट पाने कोरड्या हवेत काढून नष्ट करावीत. पाणी पानांवर न शिंपडता सकाळी बुंध्याशी द्यावे व कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे. फवारणी करावयाची असल्यास १ लि. पाण्यास मोरचूद व चुना प्रत्येकी १० ग्रॅ. पुरतात, कोवळ्या पालवीसाठी याच्या निम्मे प्रमाण घ्यावे. प्रतिजैविके घरगुती झाडांवर वापरू नयेत. गुलाबावरील काळे ठिपके कवकजन्य असून त्यांची कड झालरीसारखी असते, तर लिंबावरील खैऱ्याचे व्रण उंचवट्याचे व खडबडीत असतात. म्हणून एका झाडावरील औषध ठिपका पाहून दुसऱ्यास देण्यापूर्वी कारण निश्चित करणे अगत्याचे असते.

भारताबाहेर पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका व तुर्कस्तान या देशांतही या रोगाची नोंद झाली आहे. आजही त्यावर एका फवाऱ्यात गुण देणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे रोप विकत घेताना ते प्रमाणित मातृवृक्षापासून केलेले आहे याची खात्री करणे, त्याची पाने उजेडासमोर धरून व फांदीची पेरे निरखून पाहणे आणि लागवडीपूर्वी काही आठवडे ते वेगळे ठेवणे, हाच या रोगावरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय ठरला आहे.